कुंचला कुणाच्या हातात?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय चीनचा आहे, पण शेवटी आपल्या तहसील कचेरीच्या दप्तरखान्यापर्यंत येतो.

मार्च २००० मध्ये चीनमधल्या च्यांगशी प्रांताचा उपगव्हर्नर हू छांगछिंग याला लाचखोरीबद्दल मृत्युदंड देण्यात आला. लाचेचा आकडा ५० लाख युआनच्या वर होता. भ्रष्ट अधिकारी पकडला गेला, शिक्षा झाली, यात आपल्याला तरी नवल काय? पण या गृहस्थाला सुलेखनाचा नाद होता. कुंचल्याने मोठाली अक्षरं लिहायचा. नानछांग या राजधानीच्या शहरात दुकानांवर, हॉटेलांवर, इमारतींवर जिकडे बघावं तिकडे त्याच्याच हस्ताक्षरातल्या पाट्या. लोक चांगले पैसे मोजून त्याच्याकडून अक्षरं लिहून घेत. साहेब अडकले आणि पाट्या भराभर उतरल्या. शहरात त्याच्यावर चेष्टेच्या ओळी फिरायला लागल्या.

आता मला सांगा, एका रात्रीत अक्षरं कुरूप झाली का? नाही ना. म्हणजे पैसे अक्षराचे नव्हतेच, खुर्चीचे होते. चीनमध्ये या प्रकाराला शब्दच आहे. त्याचा अर्थ साधारण ‘सुसंस्कृत लाच’. पाकीट द्यायचं नाही, साहेबांची ‘कला’ विकत घ्यायची.

हे सगळं आठवायचं कारण असं, की चिनी सुलेखनाबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं जातं त्याचा सूर ठरलेला असतो. हजारो वर्षांची थोर परंपरा होती, मग पाश्चात्त्य आले, फाउंटन पेन आलं, टाइपरायटर आला, कॉम्प्युटर आला आणि बिचारा कुंचला मेला. ऐकायला बरं वाटतं, कारण ‘आपलं ते सगळं त्यांनी बुडवलं’ हे गाणं आपल्यालाही पाठ आहे. मला हे अर्धसत्य वाटतं. कुंचल्याचं पोट बाहेरच्यांनी मारलं, हे खरं. पण तो सामान्य माणसाच्या हातातून काढून साहेबांच्या हातात दिला, ते काम घरच्यांचं. ते पाश्चात्त्य यायच्या आधीच सुरू होतं, आणि नंतरही थांबलं नाही.

थोडी पार्श्वभूमी. चिनी लेखनात कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड या चार वस्तूंना अभ्यासिकेची रत्नं मानतात. कुंचल्याचं टोक केसांचं, मऊ. दाब दिला की रेघ जाड, उचलला की बारीक. खोडता येत नाही, परत गिरवता येत नाही. हात कुठे थांबला, कुठे घाबरला, कुठे सुटला, सगळं कागदावर दिसतं. म्हणून तिथे अक्षर बघून माणूस ओळखायची रीत पडली. चौथ्या शतकातला वांग शीझी हा या कलेचा महामेरू. इसवी सन ३५३ मध्ये त्याने मित्रांच्या एका मैफलीतल्या कवितांसाठी लिहिलेली प्रस्तावना चिनी सुलेखनाचा सर्वोच्च नमुना समजली जाते. गंमत म्हणजे ती मूळ प्रत आज नाहीच. थांग घराण्यातल्या सम्राट ताइत्सुंगने ती आपल्याबरोबर थडग्यात नेली, असं परंपरा सांगते. उरल्या त्या नकला. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीही सगळ्यात सुंदर अक्षर शेवटी राजाच्याच पेटीत गेलं.

पुढे हेच अक्षर नोकरीची अट झालं. सरकारी अधिकारी व्हायचं तर शाही परीक्षा द्यायची, आणि तिथे अक्षर एका ठरावीक साच्यातलं हवं. काळंभोर, चौकोनी, एकसारखं, छापल्यासारखं. कुंग झीचन हा एकोणिसाव्या शतकातला मोठा कवी आणि विचारवंत. १८२९ मध्ये तो परीक्षेची वरची पायरी पास झाला, पण अक्षर साच्यात बसेना म्हणून हानलिन अकादमीचं दार त्याला बंद झालं. डोकं असलेला माणूस बाहेर आणि गिरवणारे आत! त्याने यावर चिडून उपरोधाने लिहिलंसुद्धा. तेव्हा तिथे कुणी इंग्रज बसला नव्हता पेपर तपासायला.

वेळेची घाईही बाहेरून आलेली नाही. पेकिंगमध्ये १८६५ साली ‘यीदग’ नावाचं शाईचं दुकान निघालं. या दुकानाने तयार पातळ शाई विकायला सुरुवात केली. का? तर परीक्षेला बसलेल्या मुलांचा दगडावर शाई उगाळण्यात वेळ जायचा. म्हणजे बाटलीतली शाई ही सोय चिनी माणसाने, चिनी परीक्षेसाठी काढली. ते दुकान आजही नावाजलेलं आहे. आधुनिकता म्हणजे बोटीतून उतरलेली गोरी बाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही शाईची बाटली लक्षात ठेवावी.

सुलेखनातलं मोठं बंडसुद्धा घरातूनच उठलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं, की आपण वांग शीझीच्या म्हणून जी अक्षरं गिरवतोय ती नकलांच्या नकला आहेत. मग ते जुन्या शिलालेखांकडे वळले. उत्तरेकडच्या दगडांवर अनामिक कारागिरांनी कोरलेली, ओबडधोबड, ताकदीची अक्षरं. त्या दगडांचे ठसे घेऊन लोक शिकायला लागले. या शिलालेख-पंथाचा सगळ्यात तडाखेबंद वकील म्हणजे कांग यूवेई. गरीब खेड्यातल्या लोकांनी मूर्तीखाली कोरून घेतलेल्या अक्षरांतही गोडवा आहे, असं तो म्हणाला. हाच कांग यूवेई १८९८ च्या शंभर दिवसांच्या राजकीय सुधारणांचा म्होरक्या होता. अक्षरातली दरबारी गुळगुळीतपणाची चीड आणि राज्यकारभारातल्या सडकेपणाची चीड एकाच माणसाच्या डोक्यात होती. मला हा योगायोग वाटत नाही.

मग पाश्चात्त्यांनी नेमकं काय केलं?

पहिली गोष्ट, शिशाचे खिळे आणले. छपाई चीनला नवी नव्हती, ती तर त्यांचीच. पण जुनी छपाई लाकडी ठोकळ्यांची. त्यात आधी कुणीतरी कुंचल्याने पान लिहायचं आणि कोरणाऱ्याने ते अक्षर जसंच्या तसं कोरायचं. छापील पानातही हात जिवंत असायचा. धातूच्या खिळ्यांनी तो हात काढून टाकला. आणि इथे आपला एक खराखुरा धागा सापडतो. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांच्या मिशनरी सहकाऱ्यांचा छापखाना होता. केरींचा मराठी कोश तिथून १८१० मध्ये निघाला, त्यात मराठी शब्द मोडीत छापले होते. त्याच छापखान्यात केरींचे सहकारी जोशुआ मार्शमन चिनी बायबलच्या मागे लागले होते आणि त्यासाठी धातूचे चिनी खिळे पाडून घेत होते. एका छताखाली मोडी आणि चिनी! वळणावळणांनी पळणाऱ्या दोन्ही लेखनपद्धतींना चौकोनी खिळ्यात कोंबायचा तो खटाटोप. पुढे १८६० च्या सुमारास विल्यम गॅम्बल या अमेरिकन मुद्रकाने शांघायच्या मिशन छापखान्यात विजेच्या साहाय्याने खिळ्यांचे साचे तयार करायची पद्धत बसवली आणि चिनी छपाई झपाट्याने वाढली.

दुसरी गोष्ट, जी जास्त जिव्हारी लागली. तोफा, आगबोटी आणि पराभवांची रांग. हरलेल्या देशाने स्वतःच्या घरातली एकेक वस्तू तपासायला घेतली. १९०५ साली शाही परीक्षा बंद झाल्या. तेराशे वर्षं ज्या अक्षरावर नोकरी मिळायची, त्या अक्षराचं नोकरीशी असलेलं नातं एका फर्मानाने तुटलं. माझ्या मते चिनी सुलेखनाच्या इतिहासातली खरी फाळणी ही आहे. फाउंटन पेन नंतरचं.

त्यानंतरची पिढी आणखी पुढे गेली. १९१८ मध्ये छ्येन श्वेनथुंग या भाषापंडिताने ‘नवयुवक’ मासिकात चिनी लिपीच रद्द करा अशी मागणी केली. लू शुन हा आधुनिक चिनी साहित्याचा बाप माणूस, तोही लिपीच्या विरोधात. त्यांचं म्हणणं असं, की ही हजारो चिन्हं शिकण्यात गरिबाचं आयुष्य जातं, म्हणून तो अडाणी राहतो आणि देश मागे पडतो. आता बघा, हे दोघंही स्वतः कुंचल्याने लिहायचे. लू शुनची हस्तलिखितं कुंचल्याचीच आहेत आणि देखणी आहेत. तरी १९३५ मध्ये त्याने एका लेखात फाउंटन पेनची बाजू घेतली. शाळेतल्या पोरांना आणि कामकरी माणसाला वेळ वाचवणारं साधन हवं, एवढा साधा मुद्दा. ज्यांच्या हातात ही कला होती तेच म्हणत होते, की ती सगळ्यांवर लादू नका. मला या लोकांबद्दल आदर आहे. स्वतःची मिजास मोडून बोलायला हिंमत लागते.

पण निदान चुकलं होतं. तैवान आणि हाँगकाँगने जुनी, गुंतागुंतीची अक्षरं तशीच ठेवली आणि तरी तिथली माणसं साक्षर झाली. म्हणजे अडचण अक्षरात नव्हती, शाळा नसण्यात होती.

याच काळातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण तो आमच्या जातीचा, म्हणजे पत्रकार. यू योरन. १९०७ ते १९१० या काळात त्याने शांघायमध्ये एकामागून एक वर्तमानपत्रं काढली. एक बंद पाडलं की नाव बदलून दुसरं. पुढे तो मोठा राजकारणी झाला, १९६४ मध्ये तैपेईत वारला. पण त्याचा खरा ध्यास वेगळा होता. त्याचं म्हणणं, कुंचला टाकूही नका आणि गोठवूही नका. चिनी लेखनात जलद लिहायची एक धावती शैली पूर्वीपासून होती, पण ती प्रत्येकाची वेगळी, कुणाला कुणाची लागायची नाही. यू योरनने शेकडो जुने नमुने तपासून त्यातलं सोपं, सुंदर आणि सगळ्यांना वाचता येईल असं वळण निवडलं आणि १९३६ मध्ये त्याचं पुस्तक छापलं. हिशेब असा, की कोट्यवधी लोकांचे लिहिताना रोज थोडे थोडे क्षण वाचले तर देशाचे किती वाचतील! कला आणि कामाचा वेग यात भांडण लावायचं नाही, दोन्ही एका हातात बसवायचं. सर्वसामान्यांत ते रुजलं नाही. आधी युद्ध आलं, मग फाळणी झाली. पण या शंभर वर्षांतला मला सगळ्यात शहाणा वाटणारा प्रयत्न हाच.

१९४९ नंतर कम्युनिस्ट आले. देशातले साधारण ८० टक्के लोक निरक्षर असल्याचं तेव्हा मानलं जायचं. १९५६ मध्ये सरकारने अक्षरं सोपी केली, १९५८ मध्ये रोमन लिपीत उच्चार लिहायची पिनयिन पद्धत आली. ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्राने १ जानेवारी १९५६ पासून उभ्या ओळी सोडून आडव्या ओळींत छपाई सुरू केली. डावीकडून उजवीकडे, थेट इंग्रजीसारखी. कुंचल्याच्या दृष्टीने हा बदल साधा नाही. वरून खाली लिहिताना एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराच्या डोक्यात जातं, हात वाहत राहतो. आडवं लिहिताना तो प्रवाह प्रत्येक अक्षराला तुटतो. पुढे कधीतरी चिनी अक्षरं जाऊन रोमन लिपीच येणार, असं त्या काळात उघड बोललं जायचं.

आणि त्याच ‘पीपल्स डेली’चा मास्टहेड कुणाच्या अक्षरात? माओच्या. कुंचल्याने लिहिलेला, आजही तोच. पेकिंग विद्यापीठाच्या फाटकावर नाव माओच्या अक्षरात. सत्तेचं केंद्र असलेल्या चुंगनानहाईच्या दारावर ‘जनतेची सेवा करा’ हे शब्द माओच्या अक्षरात. जनतेला सोपी अक्षरं आणि बॉलपेन. अध्यक्षांना मात्र धावता कुंचला. जुन्या सम्राटांची सवय नव्या लाल कपड्यात. हू छांगछिंगच्या पाट्या उगाच आकाशातून पडल्या नव्हत्या, मित्रांनो. त्या या वरच्या पाटीच्या छोट्या नकला होत्या.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती पेटली आणि त्यात जुन्या वस्तू, शिलालेख, पोथ्या फोडल्या-जाळल्या गेल्या. शन यिनमोसारख्या नामांकित सुलेखनकाराने भीतीपोटी आपलंच काम आपल्या हाताने नष्ट केलं. १९७१ मध्ये ते गेले. पण याच वर्षांत चीनमध्ये कुंचला जितक्या हातांत होता तितका कदाचित आधी कधीच नव्हता. कारण भिंतीपत्रकं! मोठ्या अक्षरांची ही पत्रकं कारखान्यात, शाळेत, कचेरीत लाखो लोक रोज लिहीत होते. त्यांत शिक्षकाची बदनामी होती, शेजाऱ्यावर आरोप होते, कुणाच्या तरी बापाला ‘शत्रू’ ठरवलेलं होतं. म्हणून ‘कला सगळ्यांच्या हातात गेली की समाज सुंदर होतो’ असलं गोड वाक्य मी लिहिणार नाही. कुंचल्याने माणसं आयुष्यातून उठवली आहेत. १९७५ च्या राज्यघटनेत ही पत्रकं लावायचा हक्क होता. १९८० मध्ये तो काढून टाकला. लोकांचा कुंचला भिंतीवरून उतरला, साहेबांचा दारावर राहिला.

आता पश्चिमेच्या तिसऱ्या परिणामाकडे येतो. तो सगळ्यात गुळगुळीत आहे, म्हणून चटकन दिसत नाही. पश्चिमेने विचारलं, ‘ही कला आहे का?’

जुन्या चीनमध्ये हा प्रश्नच नव्हता. अक्षर म्हणजे पत्र, हिशेब, अर्ज, कविता, निरोप, सगळं. त्यातलं काही सुंदर. चित्र, शिल्प, वास्तू अशी ‘ललित कलां’ची कपाटं युरोपातून जपानमार्गे आली. १८८२ मध्ये जपानमध्ये कोयामा शोतारो या पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकाराने लिहिलं, की सुलेखन ही कला नव्हे. ओकाकुरा तेनशिन यांनी त्याला उत्तर दिलं. चीनमध्ये ल्यांग छिछाव यांनी १९२० च्या दशकात छिंगह्वा विद्यापीठात सुलेखनावर व्याख्यान दिलं आणि रेषा, बळ, व्यक्तिमत्त्व अशा भाषेत त्याचं सौंदर्य उलगडलं. १९३८ मध्ये च्यांग यी यांनी लंडनमध्ये इंग्रजीतून पुस्तक लिहून युरोपला ते समजावलं. उलट्या दिशेनेही वारं वाहिलं. मार्क टोबी हा अमेरिकन चित्रकार सिएटलमध्ये एका चिनी मित्राकडून कुंचला शिकला, १९३४ मध्ये चीन-जपानला जाऊन आला आणि त्याची चित्रं पार बदलली. म्हणजे ‘पाश्चात्त्य प्रभाव’ हा एकेरी रस्ता कधीच नव्हता.

‘कला’ या पदवीमुळे सुलेखन वाचलं, हे मान्य. संग्रहालयात जागा मिळाली. १९२५ मध्ये बंदिस्त राजवाड्याचं संग्रहालय झालं. जी अक्षरं आधी फक्त बादशहा बघायचा ती तिकीट काढून कुणालाही बघता येऊ लागली. फोटोंच्या छपाईमुळे अस्सल नमुने गरीब विद्यार्थ्याच्या टेबलावर आले. हे आधुनिकतेचं देणं आहे आणि ते नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण किंमतही मोजली. पदवी मिळाली आणि नोकरी गेली, अशातला प्रकार. कला झाल्यावर सुलेखन वाचायची गोष्ट राहिली नाही, बघायची झाली. १९८५ मध्ये पेकिंगच्या राष्ट्रीय कलादालनात ‘आधुनिक सुलेखना’चं पहिलं प्रदर्शन भरलं. १९८८ मध्ये श्यू बिंग या कलावंताने ‘आकाशातलं पुस्तक’ मांडलं. हाताने लाकडात कोरलेली सुमारे ४००० अक्षरं, दिसायला अस्सल चिनी, पण एकही अक्षर खरं नाही. प्राध्यापक आले तरी वाचता येईना, हमाल आला तरी वाचता येईना. छ्यू झीज्ये याने १९९० ते १९९५ या काळात वांग शीझीची तीच प्रस्तावना एकाच कागदावर हजार वेळा लिहिली. थरावर थर चढत कागद पूर्ण काळा झाला. परंपरा गिरवून गिरवून शेवटी काय उरतं, तर काळा कागद. या दोघांनी जे दाखवलं ते शंभर भाषणांत जमलं नसतं. तरी एक सांगतो, हे सगळं कलादालनाच्या भिंतींच्या आत घडलं. बाहेर भाजीवाल्याच्या यादीत कुंचला परत आला नाही.

आणि मग आला कीबोर्ड. आज चीनमधला बहुतेक माणूस फोनवर पिनयिन टाइप करतो. बोटं रोमन अक्षरं दाबतात, पडद्यावर चिनी अक्षरांची रांग येते, त्यातलं एक निवडायचं. डोळ्यांना अक्षर ओळखता येतं, हाताला लिहिता येत नाही. ‘पेन उचललं आणि अक्षर विसरलं’ अशा अर्थाचा वाक्प्रचार तिथे रूढ आहे. २०१३ मध्ये सरकारी टीव्हीवर अक्षरं लिहायची स्पर्धा झाली. त्यात ‘बेडूक’ या जातीतला एक साधा शब्द प्रेक्षकांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना लिहिता आला नाही, याची देशभर चर्चा झाली. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना रोमन लिपी हवी होती ते हरले असं आपण समजतो. मला वाटतं ते मागच्या दाराने जिंकले. हसू नका. मराठी मेसेज रोमन अक्षरांत ठोकून खाली आलेल्या देवनागरी शब्दावर टिचकी मारणारे आपण, आपलं तरी वेगळं काय चाललंय?

सरकार जागं झालं नाही असं नाही. २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत चिनी सुलेखन आलं. २०१३ मध्ये शिक्षण खात्याने शाळांसाठी मार्गदर्शिका काढली, तिसरीपासून पुढच्या मुलांना आठवड्याला एक तास सुलेखन. चांगली गोष्ट आहे. पण ‘वारसा’ आणि ‘राष्ट्राचा अभिमान’ म्हणून गिरवलेलं अक्षर पुन्हा त्या जुन्या परीक्षेच्या साच्याकडे जाईल, अशी मला भीती वाटते. १९८१ मध्ये सुलेखनकारांची राष्ट्रीय संघटना झाली. तिच्या प्रांतोप्रांतीच्या शाखांत पदाधिकारी म्हणून कोण शिरले? निवृत्त आणि कार्यरत साहेब लोक! गेल्या दशकातल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत त्यांना अशी पदं सोडा म्हणून सांगावं लागलं. आपल्याकडच्या क्रिकेट संघटना आणि साखर कारखाने ज्यांनी बघितलेत त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

मग माझं म्हणणं काय?

एक, आधुनिकतेला शिव्या देऊन काही वाचत नाही. शाई उगाळणाऱ्या पोराला बाटली हवीच होती आणि शेतकऱ्याच्या मुलीला सोपं अक्षर हवंच होतं. त्या गरजेपुढे माझं सौंदर्यप्रेम दुय्यम आहे.

दोन, एखादी लेखनकला रोजच्या कामातून पूर्ण उठली की तिचे वारस दोनच उरतात, संग्रहालय आणि सत्ता. संग्रहालय निदान तिकीट घेऊन दाखवतं. सत्ता तिची पाटी करते.

तीन, वाचवायचं असेल तर नमुने वाचवून भागत नाही, हात वाचवावा लागतो. चीनमध्ये याचं एक उदाहरण आहे, आणि ते ना सरकारने काढलं ना कलादालनाने. १९९० च्या दशकापासून पेकिंगच्या बागांमध्ये म्हातारी माणसं लांब दांड्याला स्पंजाचं टोक लावून, पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहायला लागली. इतर शहरांतही ते पसरलं. फुकटचं पाणी, फुकटची फरशी. येणारा-जाणारा थांबतो, वाचतो, चूक काढतो, एखादा स्वतः लिहून दाखवतो. ऊन आलं की काही मिनिटांत पुसलं जातं. असलं अक्षर फ्रेम करता येत नाही, लिलावात विकता येत नाही आणि कुणा साहेबाला लाच म्हणून देताही येत नाही.

आता तहसील कचेरी. चीनची अक्षरं मोडून-वाकवून का होईना, टिकली. आपली मोडी आपण स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच शाळेतून आणि कचेरीतून काढून टाकली. छापायला अवघड, एवढ्या कारणावर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लाखो लोकांच्या हक्काचा कागद समोर आणि वाचायला माणूस नाही! आजोबांच्या जमिनीचा, वाटणीचा, देण्याघेण्याचा कागद आपल्याच भाषेत आहे आणि तो वाचायला आपण दुसऱ्याला पैसे देतो. लिपी जाते तेव्हा आधी सौंदर्य जात नाही, आधी पुरावा जातो. आणि जो वाचू शकतो त्याच्या हातात आपली मान जाते. जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्याला विचारा.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात सरकारी खर्चाने मोडी वाचनाचा नियमित वर्ग हवा. फक्त पुण्या-मुंबईतल्या हौशी लोकांसाठी नको, तलाठ्यांसाठी आणि गावातल्या शिकलेल्या पोरांसाठी हवा. त्याचं उद्घाटन कुणा साहेबांच्या हस्ताक्षरातल्या पाटीने करू नये, एवढी कृपा करावी.

तुमच्या घरात पेटीच्या तळाशी मोडीतला कागद आहे का? असेल तर फोटो काढून ठेवा, ओला होऊ देऊ नका आणि कुणाकडून वाचून घेतलात तर त्यात काय निघालं ते खाली जरूर लिहा.